साडेचार सेंटिमीटर

आमच्या ऑफिसच्या इमारतीत तळमजल्यावर, जिन्याखाली, टेलर मास्तरांचं दुकान आहे. नऊ फूट बाय सात फूट. त्यात दोन मशिनं, कापड बेतायचं टेबल, इस्त्री, एक उभा आरसा आणि गिऱ्हाइकाने उभं राहायचं म्हणून फरशीवर रंगवलेला पांढरा चौकोन. त्या चौकोनात मी गेली एकवीस वर्षं उभा राहत आलो आहे, कारण माझी कंबर दर दोन वर्षांनी मला न विचारता निर्णय घेते.

चौकोनात उभं राहिलं की माणूस आपोआप पोट आत ओढतो. मास्तर फीत कमरेभोवती धरून थांबायचे आणि छताकडे बघत राहायचे.

"साहेब, श्वास सोडा."

"सोडलाय."

"हा सोडलेला नाही, धरलेला आहे. सावकाश. मला घाई नाही."

शेवटी श्वास सोडावा लागायचा आणि मास्तर येईल तो आकडा मोठ्याने म्हणत वहीत लिहायचे; दुकानात दुसरं गिऱ्हाईक असलं तरी. एकदा मी म्हटलं, "मास्तर, जरा हळू म्हणा की." ते म्हणाले, "हळू म्हटल्याने कमी होणार आहे का?"

अशा माणसाने आयुष्यात एकदा खोटं माप लिहिलं. पोटच्या मुलीचं लिहिलं, आणि त्यानंतरचे तीन महिने त्यांना एका जागी बसता आलं नाही. ते सगळं मी जवळून पाहिलं, म्हणून लिहून ठेवतो आहे.

मास्तर अंगाने काटकुळे, वय आता बावन्न. दुसऱ्याच्या दुकानात काज-बटणं करता करता हात तयार झाला, मग स्वतःची जागा घेतली. लग्न उशिरा झालं, मूल त्याहून उशिरा. बायको रुग्णालयाच्या लॅबमध्ये रक्ततपासणी करते, तिच्या कामाच्या पाळ्या. त्यामुळे मुलगी लहानपणी दुकानातच असायची. दोन मशिनांच्या मधल्या हातभर जागेत ती स्वतःभोवती गरगर फिरायची आणि कापडाच्या चिंध्यांवर पडायची. तेव्हापासून तिला सगळे भिंगरी म्हणतात. सातव्या वर्षी आईने तिला जिम्नॅस्टिक्सच्या क्लबात घातलं. आई तेव्हा म्हणाली होती, "आदळायचंच आहे तर निदान गादीवर आदळू दे."

त्या क्लबात माझीही नात होती, जेमतेम दोन महिने. उलटं झालं की तिला हसू आवरायचं नाही. तिने सोडलं, पण मला सुटता आलं नाही. मी तोंडी बेरजा करतो हे तिथल्या प्रशिक्षक मॅडमनी पाहून ठेवलं होतं. स्पर्धेत गुणांच्या टेबलावर बसायला पालक मिळत नाहीत, प्रत्येकाला आपापलं लेकरू बघायचं असतं. मला कोणालाच बघायचं नव्हतं. चार पंचांनी दिलेल्या गुणांतला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान आकडा काढायचा, राहिलेल्या दोघांची सरासरी घ्यायची, तक्त्यात भरायची. सहा वर्षं झाली, मी तिथे बसतो. मुली मला बेरीजकाका म्हणतात.

मास्तरांनाही क्लबाने असंच धरलं. मुलींचे कॉस्च्युम बाहेरून आणले तर कुठे ढगळ, कुठे काचणारे. मास्तर मापाचे शिवून देऊ लागले. त्यातून एक वेगळंच काम त्यांच्या गळ्यात पडलं.

झालं असं होतं की पूर्वी मॅडम दर महिन्याला मुलींना भिंतीला उभं करून उंची मोजायच्या, वजन करायच्या. त्यातल्या एका मुलीने आकड्याच्या धास्तीने जेवणच सोडलं. प्रकरण दवाखान्यापर्यंत गेलं. त्या दिवशी मॅडमनी वजनकाटा हॉलमधून बाहेर काढला, भिंतीवरच्या खुणा रंगाने पुसल्या आणि नियम केला: इथे कोणी कोणाला उंची विचारायची नाही, वजन विचारायचं नाही, आणि मुलींना त्यांचे आकडे सांगायचे नाहीत. पण आकडे तर हवेतच. म्हणून ते काम मास्तरांकडे आलं. कॉस्च्युमच्या मापाला मुली जायच्या तेव्हा मास्तर हळूच उंची आणि हाताची लांबीही घ्यायचे. यादी मी स्वच्छ अक्षरात उतरवून मॅडमना द्यायचो. हंगामात दोनदा. मुलींना वाटायचं आपण बाह्यांचं माप देतोय.

मॅडमना आकडे लागायचे ते मुख्यतः बार्ससाठी. दोन आडवे दांडे, एक खाली, एक वर, दोन्हींच्या मध्ये अंतर. खालच्यावरून उडी मारून वरचा पकडायचा, वरच्याला लटकून झोका घ्यायचा. हे अंतर कमीजास्त करता येतं, पण आमचे बार्स जुने. तारा सैल करायच्या, दोन माणसांनी पाने लावून सरकवायचं, पुन्हा ताणायच्या, वीस मिनिटं जातात. शिवाय सांघिक स्पर्धेत एका संघाला अंतर एकदाच लावून मिळतं. म्हणून मॅडमनी पाच जणींचा छोटा संघ एकशे चाळीस सेंटिमीटरच्या आतल्या मुलींचा केला होता. त्याच्या वर गेलेली मुलगी मोठ्या संघाच्या रांगेत. तिथे चौदा-पंधरा वर्षांच्या नऊ जणी आधीच वाट बघत होत्या.

भिंगरी बारा वर्षांची, छोट्या संघातली पहिली. हंगामाच्या सुरुवातीला तिची उंची होती एकशे अडतीस.

हंगामात चार स्पर्धा. पहिलीत तिला बार्सवर १२.१० मिळाले, सगळ्या मुलींत जास्त. तिच्या पाळीला मास्तर हॉलमध्ये नव्हते. ते कधीच नसायचे. बाहेरच्या व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या. बोटाला दोरा गुंडाळायचे, सोडायचे, पुन्हा गुंडाळायचे. बोटाचं टोक निळं पडायचं. टाळ्या वाजल्या की दारातून डोकं आत.

"झालं? लागलं नाही ना कुठे?"

"पहिली आली मास्तर."

"ते ठीक आहे. लागलं नाही ना?"

दुसऱ्या स्पर्धेच्या पंधरा दिवस आधी मास्तरांनी दुसरी यादी दिली. मी ती ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत उतरवली. साडेचार महिन्यांत कोणी दीड सेंटिमीटर वाढली होती, कोणी दोन, एक चांगली अडीच. भिंगरीच्या नावापुढे एकशे अडतीस. मी जुनी यादी काढून पाहिली. एकशे अडतीस. हाताची लांबीही तीच, अर्ध्या सेंटिमीटरसकट.

माझी उभी हयात आकड्यांत गेली. दोन तारखांना जशीच्या तशी शिल्लक दिसली की माझा हात आपोआप थांबतो. त्या दिवशीही थांबला. मग मी स्वतःला सांगितलं, काही मुली उशिरा वाढतात. आणि कागद उतरवून मॅडमना दिला.

दुसऱ्या स्पर्धेत वरच्या दांड्यावर झोका घेताना भिंगरीचा पाय खालच्या दांड्याला लागला. आवाज फार झाला नाही, पण पंचांनी ऐकला. अर्धा गुण वजा. बाकीचंही थोडं ढासळलं, ११.२५ वर आली. मॅडम म्हणाल्या, "पाय का गोळा करत नाहीस? लक्ष कुठे आहे?"

"केले होते मॅडम."

"मग दांडा खाली आला का चालत?"

सगळ्या हसल्या. भिंगरीही हसली, पण तिने आपल्या पायांकडे असं बघितलं जसं दुसऱ्या कोणाचे पाय चुकून आपल्याला लागलेत.

त्यानंतर आठवड्याभरात मी पँट न्यायला दुकानात गेलो. मास्तर मशिनवर वाकून ब्लेडने एक निळा कॉस्च्युम उसवत होते. मी दिसताच त्यांनी तो माझ्याच पँटखाली सरकवला.

"भिंगरीचा का?"

"हो. धुऊन आटला."

मला कापडातलं फार कळत नाही, पण ताणलं जाणारं कापड आटत नाही एवढं कळतं. मास्तर उठले, इस्त्री बंद केली, पुन्हा चालू केली, दाराशी जाऊन आले. पँटेचे पैसे घ्यायलाही विसरले.

तेव्हाच भिंगरीची आई दुकानात डबा घेऊन आली. "साहेब, आमच्याकडे गंमतच आहे," ती म्हणाली. "शेजारणीच्या मुलीचे सगळे कपडे सहा महिन्यांत आखूड झाले. आमच्या बाईसाहेबांचा शाळेचा स्कर्टसुद्धा दोन वर्षं तसाच चाललाय. घरात टेलर असला की मुलीसुद्धा बेताने वाढतात वाटतं!"

मी हसलो. मास्तर हसले नाहीत. ते सुईत दोरा ओवत होते, आणि तो तीनदा ओवूनही जाईना.

तिसरी स्पर्धा एका मोठ्या हॉलमध्ये होती. लोखंडी पायऱ्यांवर पालक, पकडीसाठी हाताला लावायच्या मॅग्नेशियमच्या पांढऱ्या पावडरीचा वास, मधूनच गाद्यांवर धप्पकन आवाज. माझं टेबल बार्सपासून दहा पावलांवर. भिंगरी आली, हात वर करून सलामी दिली. खालच्या दांड्यावरचं नीट झालं. वर गेली, पहिला झोका, टाच खालच्या दांड्याला घासली. दुसरा झोका घेताना तिने पाय इतके आखडले की लयच मोडली. तिसऱ्या झोक्याला दोन्ही पाय दांड्यावर खणकन आदळले, हात सुटले आणि ती पाठीवर पडली.

गादी होती. तरी हॉल शांत झाला. ती तोंड उघडून पडली होती, श्वास आत जात नव्हता. मॅडम धावल्या. दहाएक सेकंदांनी तिला श्वास आला, आणि ती उठून बसली. नियमाप्रमाणे तीस सेकंदांत पुन्हा सुरू करता येतं. तिने केलं. उरलेलं सगळं करून ती उतरली. ९.४०.

मी दाराकडे पाहिलं. या वेळी टाळ्या वाजल्या नव्हत्या, म्हणून मास्तर आधीच आत आले होते. चौकटीला धरून उभे होते. त्यांना तिच्याकडे जायचं होतं. पालकांना मैदानात जायला मनाई होती. ते एक पाऊल पुढे टाकत, एक मागे घेत.

मॅडम निकालानंतर माझ्या टेबलापाशी आल्या. "काका, ही घाबरायला लागली आहे. एकदा भीती बसली की मी ठेवत नाही. पुढच्या स्पर्धेला हिला बार्सवरून काढते."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत दोन्ही याद्या घेऊन मी खाली गेलो. मास्तर एकटे होते. दोन्ही कागद मी बेतायच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

"मास्तर, एकशे अडतीस आणि एकशे अडतीस."

त्यांनी कागदांकडे पाहिलंच नाही. "तुम्ही उतरवलंत तेव्हा दिसलं नव्हतं?"

"दिसलं होतं."

"मग?"

खाली बसायला एकच स्टूल होतं, ते त्यांनी माझ्याकडे सरकवलं आणि स्वतः फेऱ्या सुरू केल्या. त्या खोलीत तीन पावलांत भिंत येते.

"एकशे साडेबेचाळीस," ते म्हणाले. "दोनदा मोजली. तिला म्हटलं बाह्यांचं माप घेतो, सरळ उभी राहा. राहिली बिचारी. साडेचार सेंटिमीटर साहेब, साडेचार महिन्यांत! हात त्याहून जास्त. मी म्हटलं, आता ही गेली संघातून. पाच वर्षं रोज तीन तास घासलंय तिने. आणि तिकडे नऊ जणींच्या मागे दहावी. मला वाटलं, दोन-तीन महिन्यांचा प्रश्न आहे. एवढा हंगाम निघून जाऊ दे, मग सांगू."

"आणि कपडे?"

"सगळ्यांची शिवण सोडली. शाळेचा स्कर्ट, पँटा, कॉस्च्युम तर दोनदा. ती पहाटे प्रॅक्टिसला गेली की करायचो. तिला कशाने कळू नये म्हणून." ते थांबले. "काल येताना बसमध्ये ती काय म्हणाली माहीत आहे? म्हणाली, बाबा, माझ्यात काहीतरी बिघडलंय. मी तेच करते, अगदी तसंच करते, तरी पाय लागतो. मी सोडून देते आता."

"तुम्ही काय म्हणालात?"

"खिडकी बंद करू का विचारलं."

मी म्हटलं, "मास्तर, हे आजच सांगायला हवं."

"सांगितलं तर संघातून जाईल."

"न सांगता बार्सवरून चाललीच आहे. वर घाबरट म्हणून."

ते थांबले. मशिनवर कोणाचा तरी शर्ट अर्धवट होता, सुई कापडात तशीच. त्यांनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, पुन्हा वर केलं, मग पूर्ण खाली ओढून कुलूप लावलं. फीत गळ्यातच राहिली.

मी ऑफिसात फोन करून अर्ध्या दिवसाची रजा टाकली. छत्तीस वर्षांच्या नोकरीत आदल्या दिवशी न कळवता घेतलेली ती माझी पहिली रजा. क्लबात पोचलो तेव्हा मुली अंग सैल करत होत्या. मास्तर सरळ मॅडमपाशी गेले. त्यांनी काही प्रस्तावना केली नाही.

"मॅडम, माझ्या मुलीचं माप मी खोटं लिहिलं. ती वाढलीय. भीती नाही तिला."

मॅडमना क्षणभर कळेना. मग त्यांनी बार्सकडे पाहिलं, भिंगरीकडे पाहिलं. स्वतःचाच नियम मोडून त्यांनी भिंगरीला सगळ्यांसमोर भिंतीला उभं केलं, डोक्यावर पुठ्ठा टेकवला, पेन्सिलीने रेघ ओढली आणि मास्तरांच्या गळ्यातली फीत हात पुढे करून मागून घेतली. उंची मापली. फीत परत देताना म्हणाल्या, "मास्तर, ती डोक्यावर पडली असती."

मास्तरांनी मान हलवली.

"मी तिला तीन महिने ओरडतेय, पाय गोळा कर, पाय गोळा कर! अजून किती गोळा करणार होती ती?" मग माझ्याकडे वळून, "आणि काका, कागद तुमच्या अक्षरात आहे."

"आहे," मी म्हटलं.

भिंगरी भिंतीपाशीच उभी होती. वळून तिने ती रेघ पाहिली. रडेल असं मला वाटलं. रडली नाही.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"दुसऱ्या स्पर्धेच्या आधीपासून."

"म्हणजे काल मी पडले तेव्हा माहीत होतं. आणि बसमध्ये मी म्हणाले, तेव्हापण."

ती जाऊन तोल साधायच्या लाकडी बीमवर बसली, पाठ आमच्याकडे करून.

छोट्या संघातली तिची जागा दुसऱ्या दिवशी राखीव मुलीला मिळाली. मोठ्या संघात जागा नव्हतीच. मॅडमनी तिला शेवटच्या स्पर्धेत वैयक्तिक खेळाडू म्हणून नाव घालायला सांगितलं. वैयक्तिक असलं की बार्सचं अंतर तिच्यापुरतं लावून मिळतं. रोज सराव संपल्यावर क्लबातले दोन पहारेकरी पाने घेऊन यायचे आणि भिंगरीसाठी अंतर वाढवायचे. पण आता पाय लागत नसले तरी वरचा दांडा लांब गेला होता. उडी अपुरी पडायची. पहिल्या आठवड्यात तिच्या तळहातांची सालं निघाली. मॅडम म्हणाल्या, "अंगाला जुनं अंतर पाठ आहे. ते विसरायला वेळ लागेल."

घरी ती बापाशी बोलत नव्हती. बोलायचं ते आईमार्फत. "आई, त्यांना सांग, उद्या सहाला जायचंय." मास्तर समोरच बसलेले. आई म्हणायची, "अहो, तुम्हाला उद्या सहाला जायचंय म्हणे," आणि मग वैतागून, "मी काय पोस्टमन आहे का तुमची?" तिचाही राग होताच. ती मला म्हणाली, "रोज डोळ्यासमोर असलेल्या माणसाची वाढ दिसत नाही साहेब. मी कपड्यांवर भरवसा ठेवला."

नवा कॉस्च्युम शिवायचा होता. सहाव्या दिवशी भिंगरी दुकानात आली, पांढऱ्या चौकोनापाशी थांबली नाही, एक कागद टेबलावर ठेवला आणि गेली. कागदावर तिच्या अक्षरात सगळी मापं होती. आईने घेतलेली.

मास्तर तो कागद घेऊन वर माझ्या टेबलापाशी आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच जिना चढले. "उभा घेर बघा. खांद्यावरून पायांमधून परत खांद्यावर. एकशे छत्तीस लिहिलाय. एवढा असूच शकत नाही. जाड ट्रॅकपँटवरून घेतला असणार, फीत ढिली. असा शिवला तर पोटाशी ढगळ होईल, दांड्यात अडकेल."

"मग बरोबर शिवा की. तुम्हाला अंदाजाने येतंच."

"येतं. एकशे तीस." ते खुर्चीत बसले, लगेच उठले. "न सांगता एकशे तीसने शिवला तर तिला कळणारही नाही. छान बसला म्हणेल."

मला तेव्हा त्यांचं म्हणणं कळलं. खिडकीपाशी जाऊन ते खालची रहदारी बघत राहिले, परत आले, कागदाची घडी घातली, उलगडली. पुढचे दोन दिवस कापड टेबलावर तसंच पडून होतं. कात्री लावत नव्हते. येता-जाता मला दिसायचं. दुसऱ्या गिऱ्हाइकांची कामंही अडकली. एकाने विचारलं, "मास्तर, बरं नाही का?" ते म्हणाले, "एक माप नडलंय."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी जिना उतरलो तेव्हा दुकानात तिघं होती. मास्तरांनी मुलीला बोलावून घेतलं होतं.

"हे माप चुकलंय," ते तिला सांगत होते. "पुन्हा घ्यावं लागेल. मी माझ्या मनाने दुरुस्त केलं असतं तर चाललं असतं. पण नाही केलं."

भिंगरी आईला म्हणाली, "तू घे. त्यांनी हात नाही लावायचा."

"मला येत नाही नीट."

"त्यांना सांगू दे ना, कसं घ्यायचं ते."

मग मास्तर आमच्याकडे पाठ करून इस्त्रीच्या टेबलाकडे तोंड करून उभे राहिले आणि न बघता सांगू लागले. "खांद्याच्या मधोमध धर. कडेला नको. आता पुढून खाली. पीळ पडलाय का बघ. ताण. अजून. टोचेल एवढा नाही गं! एक बोट जाईल एवढी जागा." आईचा घाम निघाला. भिंगरी दोन्ही हात उचलून उभी. शेवटी फितीवरचा आकडा तिने स्वतः वाकून पाहिला आणि मोठ्याने म्हणाली, "एकशे साडेतीस."

मास्तर तसेच पाठमोरे उभे. "लिही," ते म्हणाले. तिने लिहिलं.

शेवटच्या स्पर्धेत छोटा संघ तिच्याविना दुसरा आला. पहिला आला असता असं बऱ्याच पालकांनी हिशेब करून सांगितलं. मी तो हिशेब केला नाही. वैयक्तिक पाळी दुपारी होती. भिंगरीचं नाव पुकारलं आणि दोन माणसं पाने घेऊन बार्सपाशी गेली. एक तार अडकली. लोक कंटाळले, चुळबुळ सुरू झाली. ती पावडर लावलेले हात पुढे धरून तशीच उभी, एकदा या पायावर, एकदा त्या पायावर. मास्तर व्हरांड्यात दोनदा जाऊन आले.

अखेर सलामी. खालच्यावरून उडी मारताना मी पेन घट्ट धरलं होतं. तिला दांडा मिळाला, पण बोटांच्या टोकांनी. क्षणभर लटकली, पकड सावरली, एक झोका जास्तीचा गेला. त्याचे गुण वजा. दुसरा झोका, तिसरा. पाय खालच्या दांड्यावरून हातभर अंतराने मोकळे गेले. उतरताना दोन पावलं पुढे आली. १०.८५. सोळा जणींत सातवी.

तक्ता भरून मी मान वर केली तर ती बाहेरच्या दाराशी मास्तरांसमोर उभी होती. मी कागद पंचांकडे द्यायला त्याच बाजूने गेलो, म्हणून ऐकू आलं.

"मी अजून किती वाढणार?" ती विचारत होती.

मनगट आणि खांदा बघून मुलाची पुढची उंची सांगायची मास्तरांना हौस. गिऱ्हाइकांना नेहमी सांगायचे, दोन वर्षांचा गणवेश त्या हिशेबाने बेतायचे. त्यांनी तिच्या मनगटाकडे पाहिलं.

"माहीत नाही," ते म्हणाले.

"पुढच्या वर्षीपण अंतर बदलायला लागेल?"

"लागेल बहुतेक. त्याच्या पुढच्या वर्षीपण."

तिने हाताला चिकटलेली पावडर कॉस्च्युमला पुसली. मास्तरांची नजर तिकडे गेली.

"मग दर महिन्याला मोजा," ती म्हणाली. "मॅडमना नंतर सांगा. आधी मला." आणि तिचं नाव फ्लोअरच्या कसरतीसाठी पुकारलं म्हणून पळाली.